भाच्याचं फुल व्हर्जन

शुक्रवारी सकाळी सावली गावातल्या घरी मंजुषानं चहाचा गंज गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात हर्षाचा फोन आला. हर्षा शेजारच्या उपकेंद्रावरची नर्स, मंजुषासारखीच कंत्राटी, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्याला ‘हं’ म्हणायलासुद्धा जागा न ठेवणारी.

“काऊन व मंजुषा, लग्न कोनाचं आहे? आमाले सांगतलं बी नाई!”

“कोनाचं लग्न?”

“आता काय सांगू! तूच तं पत्रिका धाडली मेलवर. उघडून पाह्यलं तं कायच दिसत नाई, नुसतं गोल फिरून राह्यलं. नवरदेव कोनाकडचा आहे?”

मंजुषाच्या घरात लग्नाजोगं कोणी नव्हतं. एकुलती एक पोरगी सातवीत होती. तिनं हर्षाला कसंबसं गप्प केलं, तर मूल गावाहून चुलतभावाचा फोन. तो फुगूनच बसला होता. घरी येऊन अक्षता द्यायला होत नव्हतं तर बोलावता कशाला, मेलवर पत्रिका टाकायला आम्ही काय परके आहोत, असं त्यानं बरंच ऐकवलं. तो ठेवतो तोच आरोग्य केंद्रातला डेटा भरणारा माणूस: “सिस्टर, तुमची पत्रिका उघडली आन आमची मशीन बसली ना!” चहा उतू जाऊन गॅस विझला, तेही तिला वासावरून कळलं.

ती हात पुसत कॉम्प्युटरपुढे बसली. पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा एकेक अक्षर बघून टाकला. खाली बारीक अक्षरांत आलं: तुमचा पासवर्ड काही तासांपूर्वी बदलण्यात आला आहे. तिनं तर बदललेला नव्हता.

पत्रिकेचं लचांड एक वेळ निस्तरता आलं असतं. पण त्याच ईमेलात तिची नोकरी अडकली होती. इतकी वर्षं ती कंत्राटावर राबत होती. दर वर्षी नवा आदेश, दर वर्षी साहेबापुढे हात बांधून उभं राहणं, आणि आदेश लांबला की घरी बसणं. यंदा तिनं गडचिरोली जिल्ह्याच्या कायम जागांची परीक्षा दिली आणि यादीत तिचं नाव लागलं. सोमवारी कार्यालयाचं पत्र ईमेलवर आलं होतं. नोकरी स्वीकारत असल्याची संमती, तीन ठिकाणांचा पसंतीक्रम आणि नर्सिंगच्या नोंदणीची नवी प्रत, एवढं शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचं. नाहीतर नाव वगळलं जाईल. नोंदणीची प्रत तिच्या हातात आली गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी चहा घेऊन निवांत पाठवू, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं कार्यालयात फोन लावून, दुसऱ्या ईमेलवरून पाठवलं तर चालेल का, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस सभ्य होता.

“बाई, ज्या ईमेलवर पत्र गेलं त्याच्यावरूनच उत्तर पाहिजे. नाहीतर कोणीही कोणाच्याही नावानं पाठवेल. तुम्हीच सांगा, बरोबर आहे ना?”

बरोबर होतं. म्हणून तर तिला आणखीच राग आला.

चोर कुठल्या दारानं आत आला हे मंजुषाला पक्कं माहीत होतं. ते दार तिच्या डोळ्यांदेखत उघडलं होतं, आणि ज्यानं उघडलं त्याचे पाय तिच्या नवऱ्यानं तांब्यातल्या पाण्यानं धुतले होते.

या मुलखात भाचा म्हणजे देवाच्या खालोखाल. मामा काठी टेकत चालणारा असो आणि भाचा रांगता असो, वाकणार मामाच. भाच्याला शिवी द्यायची नाही, भाच्यावर हात उगारायचा नाही, भाच्यानं मागितलं ते नाही म्हणायचं नाही. रीत चांगली आहे. दिल्या घरी गेलेल्या बहिणीचा मान त्यातून राखला जातो. फक्त ही रीत पडली तेव्हा भाचे खिशात पेनड्राइव्ह घेऊन फिरत नव्हते.

मंजुषाचा नवरा प्रफुल, त्याचा भाचा सुरज. चंद्रपूरला बाबूपेठेत राहतो आणि लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पोळ्याच्या वेळी मंजुषाच्या कॉम्प्युटरवरच्या अँटीव्हायरसचं वर्ष संपलं होतं आणि रोज पडद्यावर तशी चौकट उगवत होती. मंजुषानं घाई केली नाही. प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, दुकानात दोन-तीन खोकी उलटसुलट करून पाहिली, त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. शेवटी तिनं ठरवलं की कॉम्प्युटरच्या पोटात जी राखण कंपनीकडूनच येते ती घरापुरती पुरे आहे. ती चालू ठेवायची, वेळच्या वेळी अपडेट घ्यायचं आणि ओळखीची नसलेली फाइल उघडायची नाही. फारच वाटलं तर दुकानातून बिलासकट एखादं घेऊ.

प्रफुलला ते पटलं नाही. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. जे दिसत नाही, आवाज करत नाही, ते चालतं यावर त्याचा भरवसा नाही.

“आतलंच फुकटातलं ते कायची राखन करन? भाच्याले इचारू. घरचा मानूस असतानी दुकानदाराच्या तोंडाले काऊन लागाचं?”

तर भाचेबुवा पोळ्याला आले. पाटावर बसले, पाय धुऊन घेतले, वडे आणि पुरणपोळी खाल्ली, आणि ढेकर देत कॉम्प्युटरपुढे बसले.

“मामी, हे मोठ्या मोठ्या कंपन्यांत चालते. फुल व्हर्जन आहे. बाहीर भेटत नाई. फक्त आतली जुनी राखन बंद करा लागते, नाईतर ते याले चढूच देत नाई.”

पडदा लालभडक झाला. मंजुषा मागं उभी होती.

“भाचेबुवा, हे लाल काऊन येऊन राह्यलं? धोका आहे म्हनून लिवलं आहे ना तिथी.”

“मामी, ते जळते याच्यावर.”

प्रफुल खो खो हसला. भाच्याच्या पानात आणखी दोन वडे पडले. घराच्या राखणदाराला आधी बांधून घाला, मग मी आत येतो, असं म्हणणाऱ्या माणसाला जगात चोर म्हणतात. सावलीत त्याला भाचेबुवा म्हणून तूप वाढलं. मंजुषा ओठ मिटून स्वयंपाकघरात गेली, कारण भाच्याला नाही म्हणायचं नसतं आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याला तर नसतंच नसतं.

हे सगळं आठवून आता तिचं रक्त उकळत होतं. तिनं कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपटला, इंटरनेटची वायर ओढून काढली आणि मोबाइल हातात घेतला. खातं परत मिळवण्याच्या पानावर गेली. तिथं लिहून आलं की खात्याला जोडलेल्या नंबरावर कोड पाठवता येईल, आणि त्या नंबराचे शेवटचे आकडे दाखवले. ते तिचे नव्हते. हे खातं काढून दिलं तेही सुरजनंच, आणि सावलीत रेंजचा भरवसा नाही म्हणून नंबर घातला होता स्वतःचा, तेव्हाचा. तिनं कोड मागवला. सुरजच्या आताच्या नंबरावर फोन लावला. बंद. पुन्हा कोड मागवला, पुन्हा फोन. बंद.

प्रफुल दात घासत अंगणातून आत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चूळ भरून म्हणाला, “मंग नवा ईमेल काढ ना.”

“नव्यावरून चालत नाई. त्याच्यावरूनच पाह्यजे. पाच वाजेपावतर.”

“मंग राहू दे. यंदा नाई तं पुढच्या साली. एवढं का डोक्याले लावून घेतं?”

असं म्हणाला, जसं काही तिची एसटी चुकली होती. मंजुषानं त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला कशाचंच कसं काही वाटत नाही, याचं तिला नवल वाटलं आणि चीडही आली.

“मी चंद्रपूरले जातो,” ती म्हणाली. “त्याचा फोन बंद आहे ना, त्याच्या घरीच जातो.”

मग मात्र प्रफुलला पन्नास कामं आठवली. धान कापायला मजूर आलेत, त्यांच्याकडे कोण बघणार? पोरगी शाळेतून येईल. सुरज घरी असेल कशावरून? मंजुषा साडी बदलून, नोंदणीची प्रत पिशवीत टाकून बाहेर आली तेव्हा तोही शर्टाची बटणं लावत उभा होता. मी बी येतो, म्हणाला.

मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या होत्या. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं मोबाइलवरून सगळ्यांना निरोप पाठवला: माझ्या नावानं आलेली पत्रिका उघडू नका, आमच्या घरी लग्न नाही. मूलच्या चुलतभावाचं लगेच उत्तर आलं: मोडलं का? तिनं दात-ओठ खाल्ले आणि फोन पिशवीत कोंबला.

“मंजू,” प्रफुल कानाशी हळूच म्हणाला, “भाच्याले वर आवाजानं बोलू नको. पाप लागते.”

“कोनाले?”

“आपल्याले.”

“आन त्यानं केलं त्याचं कोनाले लागते?”

प्रफुलनं खिडकीबाहेर पाहिलं. चंद्रपूरला उतरून दोघं बाबूपेठेत सुरजच्या घरी पोचली.

वच्छलाबाईनं दार उघडलं. ती प्रफुलची थोरली बहीण, सुरजची आई. भाऊ-भावजय अवचित दारात पाहून तिला आनंद झाला आणि ती पाणी आणायला वळली. सुरज आत पलंगावर बनियनवर बसला होता. मामीला बघून त्याचा चेहरा पडला. प्रफुल चपला काढून थेट आत गेला, वाकला, दोन्ही हातांनी भाच्याचे पाय शिवले आणि हात कपाळाला लावले.

“पाया पडतो भाचेबुवा.”

“राहू द्या मामा,” सुरजनं सवयीनं म्हटलं.

मंजुषा उंबऱ्यातच होती. तिच्या मस्तकात तिडीक गेली. इकडे आपलं आयुष्य पाच वाजता बुडायला निघालंय, आणि ज्यानं बुडवलं त्याच्या पायावर हा डोकं ठेवतोय!

“झाली का पूजा?” ती म्हणाली. “आता मायं काम करा. सुरज, तुया जुन्या नंबरावर कोड आले आहेत, ते सांग.”

वच्छलाबाई तांब्या हातात घेऊन तिथेच उभी राहिली. आजवर मंजुषाच्या तोंडून ‘भाचेबुवा, तुमी’ याखेरीज दुसरं काही निघालं नव्हतं.

“मंजुषा, भाच्याले एकेरी?”

“बाई, यानं माया घराची राखन सोडून देली आन पुऱ्या तालुक्यात मायं लग्न लावलं. एकेरी नाई तं काय आरती करू?”

सुरजनं आधी आईकडे पाहिलं, मग मामाकडे. दोघांपैकी कोणीतरी मध्ये पडेल अशी त्याची आशा होती. मग त्यानं गळा साफ केला.

“मामी, ते सॉफ्टवेअर चांगलंच होतं. तुमीच कुठी तरी दाबलं असन. बायायचं असंच राह्यते, समजत नाई आन दाबत राह्यते.”

मंजुषा आत आली. तिचा आवाज घराबाहेर ऐकू जात होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

“मी दाबलं? लाल दिसून राह्यलं म्हनून तुले कोन सांगतलं होतं? मी! तू काय म्हटलं? जळते म्हनला! चांगलं होतं तं फोन काऊन बंद ठेवला? आनखी कितीक घरी टाकलं हे फुल व्हर्जन? ते बी तुले फोन लावूनच राह्यले असतीन ना?”

सुरजची मान खाली गेली. म्हणजे टाकलं होतं.

“मले का मालूम त्याच्यात काय होतं,” तो पुटपुटला. “मले बी कोनं तरी फुकटातच देलं होतं.”

“मंग तुले मालूम नव्हतं तं ‘मालूम नाई’ म्हनाले जीभ झडली होती?”

“मंजू!” प्रफुल ओरडला.

“तुमी गप बसा. कोड पाह्यजे मले. बाकीचं मंग पाहू.”

“मामी, तो नंबर मायाजवळ नाई,” सुरज म्हणाला. “मी नवा घेतला. जुनं सिम आईच्या फोनात आहे.”

सगळ्यांनी वच्छलाबाईकडे पाहिलं. तिनं कमरेची कापडी पिशवी घट्ट धरली. आत बटणांचा फोन होता.

“सकाळपासून टुणटुण करून राह्यला होता,” ती म्हणाली. “आकडे आकडे येत होते. मी सारे मिटवून टाकले.”

“काऊन, बाई?”

“काऊन म्हंजे? सुरजनंच सांगतलं ना. आकडे आले तं कोनालेच सांगाचे नाई. बँकेचा मानूस दारी आला तरी नाई.”

मंजुषाला हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्हींना आत्ता वेळ नव्हता. बेट्यानं घरोघरी दारं उघडी टाकली आणि कुलूप लावायला शिकवलं ते नेमकं आईला. तिनं मोबाइलवरून पुन्हा कोड मागवला. पिशवीत फोन वाजला. वच्छलाबाईनं तो काढला, पण छातीशी धरून ठेवला.

“सांगू का रे?” तिनं पोराला विचारलं.

“सांग ना आई.”

“आन कोनी लुबाडलं तं?”

“बाई,” मंजुषा म्हणाली, “मायंच आहे ते. मायं मलेच पाह्यजे.”

वच्छलाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग फोन लांब धरून, डोळे बारीक करून एकेक आकडा वाचला. मंजुषानं भराभर टाकला. खातं उघडलं. तिनं आधी नवा पासवर्ड घातला, मग इतर सगळ्या ठिकाणांहून खातं बाहेर काढलं, नंबर स्वतःचा लावला. प्रफुल तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

“झालं ना? चाल मंग. घरी जाऊन निवांत धाड.”

“घरी काऊन? इथूनच धाडतो.”

“अवं, बाईच्या घरी आलो, दोन घास खाऊ...”

ती ऐकत नव्हती. कार्यालयाचं सोमवारचं पत्र ती शोधत होती. त्याच्या वर त्याच कार्यालयाचं आणखी एक पत्र दिसलं, बुधवारचं. ते कोणीतरी आधीच उघडलेलं होतं. तिनं वाचलं: आपला नकार प्राप्त झाला आहे. मुदत संपण्यापूर्वी बदल असल्यास कळवावे.

नकार? कसला नकार? तिनं पाठवलेल्या मेलांमध्ये पाहिलं. पहाटेच्या पत्रिकांचा ढीग होता. त्याच्या खाली, मंगळवारी दुपारी गेलेला एक मेल होता. मंगळवारी दुपारी ती उपकेंद्रावर बाळांना लसी टोचत होती. तिनं तो मोठ्यानं वाचला.

“महोदय, मी सौ. मंजुषा प्रफुल गुरनुले. माझ्या पतीची परवानगी नसल्यामुळे मी सदर नियुक्ती स्वीकारण्यास असमर्थ आहे. तरी माझे नाव यादीतून कमी करावे, ही नम्र विनंती.”

आधी तिला वाटलं, हेही त्या चोराचंच. मग तिच्या ध्यानात आलं, चोर तर शुक्रवारी पहाटे आला. आणि चोराला तिच्या नवऱ्याची परवानगी कशाला लागेल?

तिनं मान वर केली. प्रफुल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

“मामी, मामानंच सांगतलं,” सुरज घाईघाईनं म्हणाला. आता त्याला फक्त स्वतःची कातडी वाचवायची होती. “पासवर्ड मले पयलेपासूनच मालूम होता. मामा म्हनले चांगल्या भाषेत लिव. मामाले नाई कसा म्हनू?”

“काय केलं रे तू हे!” वच्छलाबाई भावाला म्हणाली.

प्रफुलनं तोंड उघडलं आणि मग त्याला थांबताच येईना. “तिच्या भल्यासाठीच केलं मी. भामरागडकडं टाकलं असतं तं? पोरगी कोनाच्या भरोशावर? मी दुकान पाहू का चूल पाहू? कंत्राटी का होईना, सावलीत तं आहे. रोज घरी येते. लोकं काय म्हनतीन, बायको जंगलात आन नवरा भाकरी थापते! मी सांगतलं असतं तं आयकलं असतं का हिनं?”

“नाई,” मंजुषा म्हणाली.

सकाळपासून ती रागानं फणफणत होती, पण तो राग या रागापुढे काहीच नव्हता. पहाटेच्या चोराला ती ओळखत नव्हती, तोही तिला ओळखत नव्हता. कुठल्या तरी खोलीत बसून तो आपला धंदा करत होता. या दोघांना मात्र तिच्या हातचं जेवण माहीत होतं. परीक्षेच्या दिवसांत ती पोरीसोबत एकाच टेबलावर बसून अभ्यास करायची, तेही त्यांना माहीत होतं. यादीत नाव लागलं त्या दिवशी प्रफुलनंच गल्लीत पेढे वाटले होते! पेढे वाटले आणि मग भाच्याला हाताशी धरून तिच्याच नावानं तिचं नाव कापलं. आणि ती मात्र चार दिवस नोंदणीच्या प्रतीसाठी उन्हातान्हात हेलपाटे घालत होती, तेव्हा हा माणूस रात्री ताटावर बसून विचारत होता, झालं का तुयं काम?

तिला त्याची कॉलर धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. ती पलंगाच्या कडेला बसली. सुरज आपणहून उठून बाजूला झाला.

तिनं पिशवीतल्या प्रतीचा फोटो काढला आणि लिहायला घेतलं. मंगळवारचा मेल माझा नाही, तो माझ्या खात्यातून माझ्या अपरोक्ष गेला आहे. मी नियुक्ती स्वीकारते. नोंदणीची प्रत जोडली आहे. मग ती पसंतीक्रमापाशी आली आणि थांबली.

ही तीन ठिकाणं घरात सोमवारपासून चघळून झाली होती. पहिलं ठिकाण वैनगंगेच्या पलीकडलं, रोज जाऊन येण्याजोगं. दुसरं त्याच्या पुढलं. तिसरं भामरागडच्या जंगलातलं हेमलकशाकडचं उपकेंद्र, ते नुसतं रकाना भरायला. रागाच्या भरात नोकरीचं गाव निवडू नये, एवढं तिला कळत होतं. पण पहिलं ठिकाण आपण कोणासाठी निवडलं होतं, कोणाच्या भाकरीची, कोणाच्या गल्लीतल्या अब्रूची काळजी करून निवडलं होतं, तेही आता लख्ख कळत होतं. पोरीला तिथल्या शाळेत घालता येईल. पोरगी सोबत असली की आपल्याला आणखी काय हवंय, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका सोपा निघाला की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

तिनं तिसरं ठिकाण पहिलं केलं.

प्रफुल वाकून पाहत होता. “मंजू, येडी झाली का? तिथी तं रेंज बी धड येत नाई.”

“बरं होईल. भाचेबुवाले मेल उघडाचा तरास नाई.”

तिनं मेल पाठवला आणि लगेच कार्यालयात फोन लावला. सकाळचाच सभ्य माणूस होता. मिळालं, म्हणाला. आधीचा नकार होता, पण मुदतीत आलेलं शेवटचं उत्तर आम्ही धरतो. मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, “बाई, पहिली पसंती हेमलकशाकडची आहे. चुकून तर नाही ना लिहिली? तिकडे कोणी आपणहून मागत नाही.”

“चुकून नाही,” मंजुषा म्हणाली. “मी लिहिली. ह्या वेळी मीच लिहिली.”

तिनं फोन ठेवला. वच्छलाबाईनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिच्यासमोर धरलं. भावाला दिलं नाही. मंजुषा ते घटाघटा प्यायली.

प्रफुल दाराशी गेला, परत आला. तो आता खरंच केविलवाणा दिसत होता.

“निदान एक डाव मले इचाराचं तं होतं,” तो म्हणाला. “मी का राक्षस आहे? तू नीट इचारलं असतं तं देली असती मी परवानगी.”

“हो,” मंजुषा पेला खाली ठेवत म्हणाली. “देली असती तुमी. मले तेच नको होतं.”